ठोकळ्यांतले अप्पा

लातूरचा जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं. आता कामासाठी उस्मानाबादला हेलपाटे नाहीत, कलेक्टर इथंच बसणार, साहेब लोक कुटुंबकबिला घेऊन राहायला येणार, त्यांच्या पोरांना खेळणी लागणार आणि ती गंजगोलाईच्या बाजारातल्या आमच्या, म्हणजे वीरण्णांच्या दुकानातूनच जाणार, असा सगळा बेत ह्यांनी जेवता जेवता मांडला. मी म्हटलं, "साहेबांची पोरं काय रात्रंदिवस खेळूनच राहणार हायत का?" पण आमच्या घरात माझं बोलणं म्हणजे वरणातलं कढीपत्त्याचं पान. चवीला चालतं, खाताना बाजूला काढतात.

हे मुंबईला गेले आणि नेहमीच्या पाट्या-पेन्सिली, बांगड्या, रिबिनींबरोबर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं एक भलं मोठं खोकं घेऊन आले. लाल, पांढरे, पिवळे, काळे ठोकळे. वरून गुंड्या, खालून पोकळ. एकावर एक दाबला की टक्क करून बसायचा आणि उलटा केला तरी पडायचा नाही. खोक्यावर घराचं आणि मोटारीचं चित्र होतं. मला तर त्यात बघण्यासारखं काहीच दिसलं नाही. घर ते घर, मोटार ती मोटार.

साहेब लोक आले, पण त्यांच्या पाठोपाठ दुष्काळही आला. विहिरींनी तळ दाखवला. टँकर आला की साहेबांच्या बायकासुद्धा आमच्यासारख्याच घागरी घेऊन पळायच्या. अशा दिवसांत खेळणी कोण घेतो? मी नांदेडची, गोदावरीकाठची. तांब्याभर पाण्यात दोन माणसांनी तोंड धुवायचं हे शिकायला मला लातूर बघावं लागलं, आणि ते मी ह्यांना रोज ऐकवायची. ठोकळ्यांचं खोकं दुकानात धूळ खात पडलं, तेही ऐकवायची.

ते खोकं उघडलं आमच्या महादेवीआक्कांनी. आक्का म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न झालेलं नाही. का झालं नाही, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. दुपारी हे जेवायला घरी आले की आक्का दुकानात बसायच्या. गिऱ्हाईक नाही, वारा नाही, नुसतं ऊन. बसल्या बसल्या त्यांनी हात चालवायला सुरुवात केली.

एके दिवशी मी आक्कांचा डबा घेऊन दुकानात गेले, तर काचेच्या कपाटात एक बाई उभी. वीतभर उंच. लाल ठोकळ्यांचं लुगडं, काळ्याचा अंबाडा, डाव्या कमरेवर पिवळी घागर. नाक नाही, डोळे नाहीत, तोंडाच्या जागी नुसता एक गुळगुळीत पिवळा ठोकळा. मी तिच्याकडं बघत काचेच्या अगदी जवळ गेले. कारण ती आमच्या शेजारची गुणाबाई होती. घागर डावीकडं, म्हणून सगळं अंग उजवीकडं कललेलं, आणि उजवा हात असा लांब फेकलेला, जणू कुणाला तरी "सर बाजूला" म्हणून राहिली. चौकोनी ठोकळ्यांत ही बाई शिरली कशी, हे मला काही केल्या कळेना.

तेवढ्यात खुद्द गुणाबाईच काडेपेटी घ्यायला आली. तिनं कपाटात बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"आगं बया! ही तर मी हाय!"

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. "हिला तर नाक बी न्हाई."

"नाकाचं काय घिऊन बसलीस? माझी कंबर मला कळत न्हाई व्हय?" असं म्हणून ती काचेजवळ जाऊन बराच वेळ स्वतःला बघत उभी राहिली. काडेपेटी न घेताच गेली.

मी आक्कांना विचारलं, हे जमलं कसं. त्या म्हणाल्या, "वैनी, रस्त्यानं लांबून कुणी येऊन राहिलं तर त्याचं तोंड दिसायच्या आधीच आपल्याला कळतं की न्हाई, अमका हाय म्हणून? ते कशावरून कळतं, तेवढंच मी बघते. बाकीचं सोडून देते." एक थर एका गुंडीनं सरकवायचा, की कंबर कलते. दोन गुंड्यांनी सरकवला तर बाई पडते. मग तोल कुठं धरायचा ते शोधायचं. इतकं साधं त्या सांगत होत्या आणि मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. हीच बोटं भाकरी थापताना कडा फाटू देतात, म्हणून मी कितीदा हसले असेन.

मग कपाटात माणसं वाढत गेली. टँकरवर चढून पाइप धरणारा, कचेरीतला पोट पुढं काढून चालणारा शिपाई, पाठीला बाक आलेला हमाल. ह्यांतलं कुणीही खोक्यावरच्या चित्रात नव्हतं, सगळी आक्कांच्या डोक्यातून आलेली. लोक बघायला यायचे आणि काचेसमोर आवाज खाली करून बोलायचे. टँकरवर घागरीनं घागर आपटणारी माणसं, दुकानात आली की देवळात आल्यासारखी गप्प. विक्री शून्य, पण हे मात्र छाती काढून बसायला लागले.

आक्का एकदा ती गुणाबाई घरी घेऊन आल्या आणि सासूबाईंच्या हातात दिली. माझ्या सासूबाई, रत्नम्मा. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलेलं, आता उपाय नाही. त्यांनी बोटं फिरवली. घागरीवर थांबल्या, कमरेवरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "गुणा हाय. पाणी सांडून राहिली."

आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. गुणाबाईला मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "महादेवी, तुझ्या अप्पाला करशील का गं?"

अप्पा म्हणजे माझे सासरे, गुरुलिंगप्पा. ह्यांच्या लहानपणीच गेले. आक्का तर तेव्हा परकर नेसणारी पोर. घरात त्यांचा एकही फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं कुणी तरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं म्हणे, आणि तसेही ते लवकरच गेले.

"डोळे गेले तवा मला भेव वाटलं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, ते तर आत हायत. पण आता आतलं बी पुसत चाललंय. मनात आणायला गेलं की दिसत न्हाईत. अजून थोड्या दिवसांनी बिलकुल जातील. मग मी कुणाची बाई म्हणून मरू?"

आक्कांनी आईचे हात धरले आणि म्हणाल्या, "करते."

आता झाली पंचाईत. आक्का डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही करत नसत आणि अप्पांना बघितल्याचं त्यांना धड आठवत नव्हतं. म्हणून विचारपूस सुरू झाली. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "ताठ बसायचे. मान सरळ. डोक्याला पटका, कपाळभर भस्म. डावा हात मांडीवर, तळवा वर." आक्का म्हणाल्या, मलाही असंच अंधुक आठवतं. अप्पांचे जुने मित्र अमृतरावकाका अडत बाजारात होते, त्यांना घरी बोलावलं. त्यांनी चहा पिता पिता डोळे मिटले आणि तेच सांगितलं. "काय तेज होतं सांगू! भिंतीला टेकून असा बसलेला, जणू राजाच." तिघांचं तंतोतंत जुळलं. आम्हाला वाटलं, काम झालं.

आक्कांनी अप्पा केले. पांढऱ्या ठोकळ्यांचं धोतर आणि अंगरखा, लाल पटका, मांडी घातलेली, डावा तळवा वर. इतके रुबाबदार की अमृतरावकाकांनी हात जोडले. सासूबाईंनी मूर्ती हातात घेतली. पटक्यापासून मांडीपर्यंत बोटं गेली, तळव्यावर थांबली, आणि त्यांनी हात काढून घेतला.

"लई चांगलं केलंस पोरी. पण हे ते न्हाईत."

आक्कांनी मोडून पुन्हा केले. खांदे रुंद केले, मान थोडी खाली घेतली. पुन्हा तेच. "न्हाई गं." तिसऱ्या खेपेला तर सासूबाई हात लावायलाच तयार होईनात. लावला आणि शहारल्या. "ह्याला दूर ठेव," म्हणाल्या. त्यानंतर त्या दिवसभर माळ घेऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. आक्कांनी जेवण सोडलं. मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी तो ह्यांच्यावर काढला.

पांढरे ठोकळे कमी पडत होते. माझ्या नांदेडच्या भावाच्या पोरांकडं तसलेच ठोकळे होते आणि पोरं आता त्यांना विचारत नव्हती, म्हणून मी एसटीनं माहेरी गेले. गोदावरीसुद्धा वाळूत बोटानं रेघ ओढल्यासारखी बारीक झाली होती, ते बघून माझा तोरा जरा उतरला.

मी पोचले त्याच सकाळी आमच्या गल्लीतले चन्नबसप्पा वारले होते. आमची ओळख जुनी, म्हणून मी दर्शनाला गेले. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. बसवतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून, मान सरळ राहील अशी बांधून. अंगभर भस्म, डोक्याला पटका, गळ्यात हार, आणि डाव्या तळव्यावर त्यानं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग. तसंच नेतात आणि तसंच मातीत बसवतात. लहानपणापासून मी कितीतरी वेळा बघितलेलं. त्या दिवशी मात्र मी पाया पडायला वाकले आणि तशीच थांबले.

भिंतीला टेकून आक्कांनी केलेले अप्पा बसले होते.

तेच ताठपण, तीच मान, तोच वर केलेला तळवा. शेजारी कुणी बाई लहान पोराला पुढं ढकलून म्हणत होती, "बघ, आजोबाला नीट बघून घे." आणि मला सगळं कळलं. ह्यांनाही त्या दिवशी असंच कुणी तरी पुढं ढकललं असणार. आक्कांना कुणी तरी उचलून दाखवलं असणार. अमृतरावकाकांनी तर खांदाच दिला होता. जिवंत माणसाकडं कोण बघत बसतं? तो घरात असतोच. त्या एका दिवशी सगळे बघतात, आणि तेवढंच राहतं. तिघांनी मिळून आक्कांकडून मयताचे अप्पा करून घेतले होते, आणि सासूबाईंची बोटं त्यांना लागलीच ओळखत होती.

मी दुसऱ्या दिवशीच ठोकळ्यांची पिशवी घेऊन परत आले. कसं सांगावं याचा एसटीत खूप विचार केला आणि दारातून आत आल्या आल्या सगळा विचार विसरून मोठ्यानं बोलून बसले, "आवो, तुम्ही सगळे त्यांना मेल्यावरच बघितलंय का?"

ह्यांचा चेहरा पडला. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं. आक्का ऐकत होत्या. मग त्यांनी कोनाड्यातली मूर्ती उचलली आणि एक एक ठोकळा काढायला लागल्या, सगळ्यात आधी तळव्याचा. मोडून झाल्यावर त्या आईपाशी जाऊन बसल्या.

"आई, अप्पा तुला कुठं दिसायचे? माणसांत न्हाई. तुला एकटीला."

सासूबाईंनी हातातली माळ बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला कुठं एकटीला फुरसत? घरात सासू, जावा, नणंदा. बोलायची बी चोरी." त्यांनी मान स्वयंपाकघराकडं वळवली. "सैपाकघराच्या दारात यायचे. आत येत न्हवते. उगं काहीतरी मागायचे, मीठ दे, विस्तव दे. लागत काही न्हवतं."

"उभे कसे राहायचे?"

"आता कसं सांगू," असं म्हणून त्या उठल्या. भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. मी हात धरायला गेले तर त्यांनी झिडकारला. दार तेच, जुनं, बुटकं. त्या उंबऱ्याच्या अलीकडं उभ्या राहिल्या. उजवा हात वर केला. चौकटीपर्यंत तो पोचत नव्हता, माझ्या सासूबाई उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. हात हवेतच थांबला, पण असा थांबला की त्याखाली लाकूड असावं. डावा हात मागं गेला, धोतराचा सोगा धरल्यासारखा. आणि मग, त्या चौकटीच्या कितीतरी खाली असूनसुद्धा, त्या मानेतून वाकल्या. उंच माणूस बुटक्या दारात वाकतो तशा. वाकून आत बघितलं, थोडं तिरपं, डावीकडं. डोळे नसलेली बाई चुलीकडं बघत होती.

ती माझी सासू नव्हती. देवाशपथ सांगते, माझ्या समोर एक उंच पुरुष उभा होता.

"अप्पा," हे म्हणाले आणि मटकन खाली बसले. "मी त्या हाताखालून पळून राहायचो. आई, मी त्या हाताखालून पळायचो!" एवढा मोठा माणूस पोरासारखा रडायला लागला. आक्का रडल्या नाहीत. त्या बघत होत्या. पापणी हलवत नव्हत्या.

मग आक्का कामाला बसल्या. ताठ बसलेला माणूस करणं सोपं होतं, हे आता कळलं. वाकलेला माणूस उभा राहीना. पायावर थर चढवायचे, कमरेपासून वर एक एक गुंडी पुढं सरकवायची, की अप्पा धाडकन तोंडावर. पाय जड केले तर ते हमालासारखे दिसायला लागले. दोन दिवस ठोकळे पडल्याचा आवाज घरभर. शेवटी आक्कांनी माणूस बाजूला ठेवला आणि आधी दार केलं. काळी चौकट, खाली पिवळा उंबरा. मग त्या दारात अप्पांना उभं केलं आणि त्यांचा उजवा हात वरच्या पट्टीला टक्क करून बसवला.

अप्पा उभे राहिले. तो हात काढला की पडायचे, हात लावला की जन्मभर उभे राहतील असे. पटका चौकटीला घासून जाईल इतका खाली आलेला. तोंडाच्या जागी पुन्हा नुसता गुळगुळीत ठोकळा, पण तो बघत होता. काय मागावं ते न सुचलेला माणूस दारात येऊन बघतो तसा. मी ह्या माणसाला कधी भेटले नव्हते. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते गेले. तरी माझा हात आपोआप वर गेला आणि मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

आक्कांनी ते दार आईच्या समोर पाटावर ठेवलं.

सासूबाईंचा हात आधी उंबऱ्याला लागला. मग चौकट चढत वर गेला. वरच्या पट्टीवर त्यांना तो हात सापडला. तिथून दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर. मान वाकलेली आहे हे कळलं तिथं बोटं थांबली. सासूबाईंनी आपला तळवा हळूच पटका आणि चौकट यांच्या मध्ये सरकवला, आणि आम्ही कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "जपून. डोस्कं लागंल."

हे काही तरी बोलायला गेले. सासूबाईंनी हात वर करून गप्प केलं.

"तुम्ही जरा भायेर जावा," त्या म्हणाल्या. "सगळे. दार लावून घ्या."

आम्ही तिघं ओसरीवर आलो. हे, आक्का आणि मी. रस्त्यावर टँकर आला होता, गुणाबाई आमच्या नावानं हाका मारत होती, पण आमच्यातलं कुणी हललं नाही. आतून सासूबाईंचा आवाज येऊ लागला. बोलणं कानडी होतं. त्यांचं माहेर बिदरकडचं, हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून कानडीचा एक शब्द मी ऐकला नव्हता. ह्यांनीही ऐकला नव्हता. सासूसासऱ्यांच्या भरल्या घरात ती त्या दोघांपुरती भाषा असणार, आणि ते गेल्यावर ती बोलायची कुणाशी?

"काय म्हणून राहिली?" ह्यांनी आक्कांना हळूच विचारलं.

आक्कांनी मान हलवली. त्यांनाही कळत नव्हतं. पण सूर मला कळत होता, मीही कुणाची तरी बायको आहे. ते चांगलं खणखणीत भांडण होतं. मागं सोडून गेल्याचं, पोरं वाढवल्याचं, डोळे गेल्याचं, सगळं त्यात असणार. बोलता बोलता त्या एकदम हसल्या, तरण्या बाईसारख्या, तोंडावर हात ठेवून. आणि मध्ये मध्ये थांबायच्या. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच थांबायच्या आणि मग पुढं बोलायच्या. त्या थांबल्या की आम्ही तिघंही श्वास रोखून दाराला कान लावत होतो.